सर बी पाहून राह्यले होते

सई आणि ओंकार,

परवा तुमच्या आईचा फोन आला. सईच्या शाळेतून घरी पत्र आलं म्हणे. गणिताच्या तासाला बाईसाहेब टॅबवर घोड्यांच्या शर्यती पाहत होत्या. आई म्हणाली, ‘तू तिला दोन शब्द लिही, तू इतकी वर्षं शिकवलं आहेस.’ मी लिहायला बसलेही. चार ओळी झाल्यावर लक्षात आलं, की या विषयातला खरा अनुभव असलेला माणूस मला एकच ठाऊक आहे, आणि त्या माणसाबद्दल माझं स्वतःचं मत अजून ठरलेलं नाही. म्हणून उपदेश बाजूला ठेवून त्यांच्याबद्दलच लिहिते. कुठे अडलात तर आईकडून वाचून घ्या.

निवृत्तीनंतर मी गडचिरोलीहून एसटीने तासाभरावर असलेल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला जात होते. आठवड्यातून तीन दिवस. तिथे भूमितीचे एक सर होते. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. नववीचा वर्ग त्यांच्याकडे होता आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तो वर्ग त्यांच्याकडे राहणार की जाणार, हे एका कागदावर ठरायचं होतं. त्या कागदावर माझी सही आहे. तेव्हापासून मी त्या सहीचा विचार करते आहे.

आधी माणूस सांगते.

ते सगळ्यांना ‘भाऊ’ नाहीतर ‘बाई’ म्हणत. पाचवीतल्या पोरालाही. ‘प्रणयभाऊ, या त्रिकोणाची तिसरी बाजू कुठी गेली जी?’ प्रणयभाऊचं नाक वाहत असायचं. फळ्यावर ते हाताने वर्तुळ काढत, दोरी नाही, कंपास नाही, आणि मग मुलांना त्याचं केंद्र शोधायला लावत. केंद्र सापडलं नाही की म्हणत, ‘म्हणजे मायं वर्तुळ चुकलं.’ सापडलं तरी फारसे खूष दिसत नसत.

कुणाचं उत्तर चुकलं तर ‘चूक’ हा शब्द त्यांच्या तोंडून येत नसे. ‘हे उत्तर बरोबर आहे, प्रश्न दुसरा आहे,’ असं म्हणत आणि खरोखरच तो दुसरा प्रश्न शोधत बसत. त्यात कधी कधी अर्धा तास जाई. मुलांना ही युक्ती समजली होती. गृहपाठ झाला नसला की एखादा हुशार पोरगा मुद्दाम भलतंच उत्तर देई.

मधल्या सुटीत ते खिडकीशी उभे राहून डबा खात. भात आणि वाळल्या झिंग्यांची चटणी. रोज माझ्यापुढे डबा धरायचे. ‘घेता का, बाई?’

‘सर, मी शाकाहारी आहे.’

‘बरं. उद्या विचारतो.’

आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे. यात थट्टा होती की विसराळूपणा, की माझं मत बदलू शकतं असा माझ्याबद्दलचा आदर, हे मी शेवटपर्यंत ओळखू शकले नाही.

वर्गात शिरताना ते चपला बाहेर काढत. मला वाटलं, श्रद्धा असेल. विचारलं तर म्हणाले, ‘चपला वाजतात. मी कुठी आहो ते पोरांले समजते.’ म्हणजे पोरांना पकडायला, असा मी अर्थ घेतला. पण पकडल्यावर ते काहीच करत नसत. निदान आपण ज्याला काही करणं म्हणतो, तसं नाही.

त्या वर्षी शाळेला एका योजनेतून टॅब मिळाले होते. नववीला एका बाकावर एक. भूमितीचे धडे, आकृत्या, सगळं त्यात होतं. रेंज मात्र शाळेत एकाच ठिकाणी येई, नववीच्या खिडक्यांकडच्या रांगेत. पहिल्याच आठवड्यात त्या रांगेत बसायला भांडणं लागली, तेव्हा मी ओळखायला हवं होतं. माझ्या तासाला मी टॅब कपाटात ठेवून कुलूप लावत असे. बाकीचे शिक्षक ओरडत, टॅब काढून घेत, कान धरत. मुलं मांडीवर टॅब ठेवून पाहत राहत.

सरांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना टॅब बंद ठेवून उभे धरायला सांगितले. ‘आता त्या काळ्या काचेत मागचा दिसते का पाहा. कोण झोपला?’ चाळीस मिनिटं वर्ग एकमेकांना काचेत पाहून हसत होता. आपतनकोन आणि परावर्तनकोन त्यात कुठेतरी आले, असं त्यांचं म्हणणं. मला शेजारच्या वर्गात फक्त हसणं ऐकू येत होतं.

एकदा त्यांनी जाहीर केलं, ‘आज तासभर काहीही पाहा. मी शिकवत नाई.’ मला वाटलं, ओळखीची युक्ती आहे. मुलं कंटाळतील आणि स्वतःच म्हणतील, सर, शिकवा. सरांनाही तसंच वाटलं असावं. ते खुर्चीत वाट पाहत बसले. मुलं तासभर आनंदाने टॅब पाहत होती. घंटा झाली तर एक जण म्हणाला, ‘उद्या बी असंच ना, सर?’ सर स्टाफरूममध्ये आले आणि बराच वेळ खडूची पेटी नीट करत राहिले. मग म्हणाले, ‘बाई, कंटाळली नाईत.’ पराभव असा साध्या आवाजात सांगणारा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर त्यांनी ती वही सुरू केली.

साधी दोनशे पानी वही. शेवटच्या बाकाला सुतळीने बांधलेली. कव्हरावर एकच शब्द: ‘मधलं’, म्हणजे तासाच्या मधलं. नियम असा, की तासाला कुणी टॅबवर दुसरं काही पाहताना दिसला, की सर त्याच्या मागे अनवाणी येऊन उभे राहायचे आणि हळूच विचारायचे, ‘काय करून राह्यला, भाऊ?’ उत्तर ठरलेलं असे. ‘काई नाई, सर.’

‘काई नाई कसं करून राह्यला ते लिहून ये.’

पोरगा मागे जाई, वहीत एक ओळ लिही आणि जागेवर येऊन बसे. ना टॅब जप्त, ना शिक्षा. नाव लिहायचं नाही. फक्त जे पाहिलं ते आणि खरं. शनिवारी सर त्या ओळी वर्गात वाचून दाखवत, बातम्या वाचाव्यात तशा, काही न बोलता.

मी ती वही पाहिली आहे. काही ओळी पाठ झाल्या:

‘मावशीच्या लग्नातले फोटो. सगळ्याईत मी अर्धीच आली ते पाहून राह्यली होती.’

‘चार्जिंग किती उरली ते पाहून राह्यलो होतो. मग पाह्यल्यानं कमी झाली.’

‘सूरजागडच्या खाणीकडच्या ट्रकांचा व्हिडिओ. मामा ट्रकवर आहे. दिसला नाई.’

‘बैल पोहून राह्यला होता. आमचा नाई पोहत.’

या ‘राह्यलो’बद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. हा प्रकार कानावर होता, पण अशुद्ध म्हणून घरात कुणी बोलू देत नसे. ‘खाऊन राह्यलो’ म्हणजे आत्ता, या क्षणी खातो आहे. तुमचं ‘आय अॅम ईटिंग’ या मुलांना मी एका तासात शिकवलं, इतकं ते त्यांच्या जिभेवर आधीच होतं. सर एकदा म्हणाले, ‘तुमच्या पुस्तकात “मी पाहतो” म्हणते. रोज पाहते का आता पाहते? सांगा. आमचं बरं. पाहून राह्यलो म्हणजे आता पाहून राह्यलो. त्यात पकडता येते माणसाले.’

आता ती घटना.

मुख्याध्यापक नवे आले होते, साताऱ्याकडचे. सज्जन माणूस, पण त्यांना शाळा एखाद्या ताटासारखी हवी असे, सगळं आपापल्या जागी. ते राउंडला निघाले आणि नववीच्या खिडकीतून त्यांनी पाहिलं: फळ्यावर प्रमेय अर्धं लिहिलेलं. वर्ग गप्प, पुढच्यांच्या माना मागे वळलेल्या. तिसऱ्या बाकावर शीतल नावाची मुलगी टॅब पाहते आहे, तिच्यामागे सर उभे, हातात खडू, आणि सरांचीही नजर टॅबवर. मुख्याध्यापक घड्याळ लावून खिडकीशी थांबले. पाच मिनिटं कुणी हललं नाही. मग ते आत गेले.

टॅबवर एक माणूस साबण कापत होता. रंगीत साबणाची वडी, तिचे सुरीने बारीक चौकोनी तुकडे, बस. तेवढाच व्हिडिओ. सई, तुला कदाचित माहीत असेल लोक हे का पाहतात. मला अजून माहीत नाही.

मुख्याध्यापकांनी टॅब घेतला, शीतलला त्या ‘मधलं’च्या वहीत काय घडलं ते लिहायला लावलं, आणि लिहून झाल्यावर सुतळी सोडून वही उचलून नेली. तीन महिन्यांच्या ओळी त्यांनी एका दुपारी वाचल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या शिक्षकांकडून अहवाल मागवला: आपल्या तासाला टॅबचा गैरवापर किती वेळा झाला? सगळ्यांनी लिहून दिलं, ‘निरंक’. कुठेच काही नाही. मीही ‘निरंक’ लिहिलं, कारण माझे टॅब कपाटात होते. आख्ख्या शाळेत गैरवापर फक्त सरांच्या वर्गात झाला होता आणि त्याचा लेखी पुरावा खुद्द सरांनी गोळा केला होता.

‘मॅडम, हे पाहा,’ मुख्याध्यापक मला म्हणाले, ‘पोरं काय करतात याची यांना खबर आहे. अडवत नाहीत. उलट स्वतः सामील होतात. चौकशी लावावी लागेल. तुम्ही बाहेरच्या, कुणाच्या बाजूच्या नाही. दुसऱ्या सदस्य तुम्ही.’

सरांवर ठपका आला असता तर नववी जाणार होती. संस्थेची एक शाळा एटापल्लीच्या आत होती, पहिली ते चौथी. तिथे त्यांना पाठवायचं ठरत होतं. स्टाफरूममध्ये कुणी तरी चेष्टा केली, ‘बरं आहे सर, तिथी रेंजच नाई. वही कोरी राहीन.’ सर हसले नाहीत. नंतर एकटे असताना मला म्हणाले, ‘बाई, चौथीपर्यंत भूमिती नसते. चौकोन, गोल, संपलं. मले दुसरं काई येत नाई जी. मी तिथी काय करू?’

त्यांचा आवाज तेव्हा जसा होता, तसा मी एरवी कधी ऐकला नव्हता.

चौकशीत शीतलने लिहिलेली ती ओळ महत्त्वाची ठरली. तिने लिहिलं होतं:

‘मी साबण कापताना पाहून राह्यली होती, सर बी पाहून राह्यले होते.’

‘झालं,’ मुख्याध्यापक म्हणाले. ‘सरही साबण पाहत होते. स्वच्छ लिहिलंय.’

मी म्हटलं, ‘याचा दुसरा अर्थही होतो. मी काय करते आहे ते सर पाहत होते. म्हणजे लक्ष ठेवून होते. इकडे असंही म्हणतात.’

‘एकाच वाक्याचे दोन अर्थ?’

‘हो.’

‘मग तुम्ही भाषेच्या. शुद्ध मराठीत एकच करून द्या. संस्थेला अहवाल त्यावरच जाईल.’

एक ओळ. तिच्यात ‘सरही पाहत होते’ लिहिलं तर नववी गेली. ‘सर लक्ष ठेवून होते’ लिहिलं तर राहिली. मी शीतलला बोलावलं. तिचे वडील तलावावर मासेमारी करतात. मुलगी धीट होती.

‘शीतल, सर नेमकं काय पाहत होते?’

‘आधी मले, बाई.’

‘आणि मग?’

‘मग साबण.’ तिने पायाच्या अंगठ्याने फरशी उकरली. ‘मी बंद करून राह्यली होती, तर सर म्हणे, थांब ना शीतलबाई, आता निळा येते का पाहू दे.’

‘आला का निळा?’ हे मी का विचारलं, मला माहीत नाही.

‘नाई ना, बाई. तेवढ्यात साहेब आले.’

मग मी सरांना गाठलं. ते खिडकीशी होते. म्हटलं, ‘सर, मी “लक्ष ठेवून होते” असं लिहिते. खोटं नाही ते. तुम्ही आधी तिच्याकडेच पाहत होतात.’

‘किती वेळ?’

‘किती वेळ म्हणजे?’

‘मी हिशेब केला. दोन मिनिटं मी लक्ष ठेवून होतो. वर्ग काय करते, ती काय करते, सगळं ध्यानात होतं. मग मी सात मिनिटं साबण पाहून राह्यलो. मले प्रमेय आठवत नव्हतं, बाई. खरं सांगतो. हातात खडू आहे हे बी आठवत नव्हतं. तीस वर्षं मी पोरांले म्हणून राह्यलो, काऊन लक्ष जाते तुमचं? त्या दिवशी मायं गेलं. कसं गेलं ते समजलंच नाई. पाहून राह्यलो होतो, तर कुठून गेलं?’

‘सर, ते दोन मिनिटंच लिहू या.’

‘मग ती ओळ खोटी होईन.’

‘तुमची नववी राहील.’

‘अन् पोरं? वहीत मी त्याईले खरं लिहा म्हणतो. शीतलबाईनं खरं लिहलं. तुम्ही त्याचं दुसरं करान, तर उद्या कोण लिहीन?’

‘मग “सरही साबण पाहत होते” लिहू?’

ते दचकले. ‘नाई जी! भूमिती जाईन ना मायी.’

मला त्यांचा राग आला. दोन्ही नको, मग हवं काय? मी पुन्हा विचारलं. त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले, ‘मले नाई समजून राह्यलं, बाई. तुम्हीच पाहा.’

मी अहवाल लिहायला बसले. पहिला मसुदा ‘लक्ष ठेवून’चा केला, फाडला. दुसरा केला, तोही फाडला. शेवटी शीतलचं वाक्य तिने लिहिलं तसंच, अवतरण चिन्हात, काना-मात्रा न बदलता उतरवलं आणि खाली सही केली. मी शुद्ध केलं नाही. आयुष्यात प्रथमच एखादं वाक्य अशुद्ध ठेवून पुढे पाठवलं. त्या वेळी मला ते प्रामाणिक वाटलं. आता वाटतं, मी फक्त निर्णय दुसऱ्यावर ढकलला.

मुख्याध्यापकांनी वाचलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं, ‘विद्यार्थिनीच्या जबाबाचा अर्थ पुरेसा स्पष्ट आहे.’ त्यांच्या मते तो होताच.

संस्थेचं कार्यालय चंद्रपूरला. तिथे बसणारी माणसं याच भागातली, याच भाषेत वाढलेली. महिन्याभराने आदेश आला. तो मी तुम्हाला जवळजवळ जसाच्या तसा सांगू शकते: सदर शिक्षक विद्यार्थिनीवर लक्ष ठेवून होते, हे तिच्याच जबाबावरून स्पष्ट होते. सबब कारवाईची आवश्यकता नाही. शिक्षकांनी ठेवलेली नोंदवही स्तुत्य असून ही पद्धत सर्व वर्गांत लागू करण्यात यावी.

मुख्याध्यापकांनी आदेश दोनदा वाचला. ‘मॅडम, ही माणसं वाचतात तरी कसं?’

‘साहेब, ती इथलीच आहेत,’ मी म्हटलं.

नववी सरांकडे राहिली. स्टाफरूममध्ये कुणी तरी पेढे आणले. ज्यांनी ‘निरंक’ लिहून दिलं होतं, त्यांनीही खाल्ले. सरांनी पेढा हातात धरला आणि बराच वेळ इकडून तिकडे फिरवत राहिले.

पंधरा दिवसांत छापील वह्या आल्या. प्रत्येक वर्गाला एक. जाड पुठ्ठा, आत रकाने: अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, तासिका, तपशील, पालकांची सही. सरांची जुनी वही कार्यालयात जमा झाली ती परत मिळाली नाही. ‘आता नवी आहे ना,’ असं उत्तर आलं. सर अजूनही अनवाणी मुलांच्या मागे जाऊन उभे राहत. ‘काय करून राह्यल्या, बाई?’ विचारत. आणि मुलं नवीन वहीत लिहायला जात.

एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर सर ती छापील वही घेऊन माझ्याकडे आले. टेबलावर उघडून ठेवली.

‘बाई, तुम्ही भाषेच्या. एवढं पान तपासून द्या.’

मी पाहिलं. वरपासून खालपर्यंत तपशिलाच्या रकान्यात एकच वाक्य होतं. मुलांनी ‘मी लक्ष देत होतो’ लिहिलं होतं आणि मुलींनी ‘मी लक्ष देत होते’. नवव्या ओळीत शीतलचं नाव, तिचंही तेच. सहीच्या रकान्यात तिच्या वडिलांचा अंगठा.

‘यात मी काय तपासू, सर?’

‘ही पोरं असं बोलत नाईत,’ ते म्हणाले. ‘कुठीतरी चूक असन. पाहा ना जी.’

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून नाही म्हणवलं नाही. मी लाल पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ऱ्हस्व-दीर्घ पाहिले, काळ पाहिला, लिंग पाहिलं, पूर्णविराम पाहिले. पुन्हा वरून खाली आले. एकही चूक नव्हती. सर समोर उभे राहून वाट पाहत होते.